भूक लागते म्हणजे काय?

दिवाळीच्या आगेमागे पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांतून जाणाऱ्या प्रवाशास रस्त्याच्या दोन्ही अंगांना आंबिया बहाराच्या संत्र्यांचे ढीग दिसू लागतात. पहाटेच्या गारव्यातच तोडणीच्या टोळ्या बागेत शिरलेल्या असतात. त्यांतील बहुतेक बायांच्या मनगटावर घड्याळ नसते. परंतु दुपारची ठराविक वेळ जवळ आली की बोलणे कमी होते, हात मंदावतात, आणि बांधावरच्या झाडाखाली ठेवलेल्या गाठोड्यांकडे नजरा वळतात. मग कोणी तरी म्हणते, "चाल वं बाई, भाकर खाऊन घेऊ." आणि कोणालाही त्या सूचनेचे नवल वाटत नाही, कारण तोपर्यंत प्रत्येकीच्या पोटाने हीच गोष्ट आपापल्या परीने सांगून टाकलेली असते.

पोटाला ही वेळ कोण कळवतो, आणि पोटाची बातमी मेंदूपर्यंत कोण नेतो? पोट रिकामे झाले म्हणजे भूक लागते, हे उत्तर लहान मूलही देईल. ते खोटे नव्हे. पण अपुरे आहे. पाण्याने भरलेले पोट रिकामे नसते, तरीही पाणी पिऊन भूक भागत नाही. उलट पोट रिकामे असूनही तापकऱ्यास अन्नाची इच्छा होत नाही. तेव्हा रितेपणा आणि भूक या दोन गोष्टींच्या मध्ये आणखी कोणी तरी मध्यस्थ असला पाहिजे, असा संशय शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून होता.

या मध्यस्थाचा शोध घेण्याचा एक गाजलेला प्रयत्न १९१२ साली अमेरिकेत झाला. हार्वर्ड विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांचा विद्यार्थी वॉशबर्न याने रबरी नळी गिळण्याची सवय कित्येक आठवडे खपून स्वतःला लावून घेतली. नळीच्या टोकाशी एक फुगा होता. तो जठरात पोहोचला की त्यात हवा भरायची, आणि जठराची हालचाल फिरत्या कागदावर रेखाटून घ्यायची, असा हा प्रयोग. वॉशबर्नला जेव्हा भुकेची कळ येई तेव्हा जठर जोराने आकुंचन पावत असल्याचे त्या रेषांवरून दिसले. मराठीत 'पोटात कावळे ओरडणे' म्हणतात, त्या कावळ्यांचे हे पहिलेच चित्र म्हणावयास हरकत नाही. भूक म्हणजे जठराचे आकुंचन, असा निष्कर्ष कॅनन यांनी काढला. पुढे १९३१ साली, शस्त्रक्रियेने संपूर्ण जठर काढून टाकलेल्या रोग्यासही भूक लागते, असे दुसऱ्या संशोधकांनी नमूद केले आणि हा निष्कर्ष लंगडा पडला. आकुंचन ही भुकेची सोबतीण होती, जननी नव्हे.

खरा मध्यस्थ सापडला तो जवळजवळ शतक उलटत आल्यावर, आणि तोही दुसऱ्याच वस्तूचा शोध चालू असताना. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक स्रवते. संप्रेरक म्हणजे शरीराच्या एका भागात तयार होऊन रक्तावाटे दुसऱ्या भागास आज्ञा पोहोचविणारे द्रव्य. अमेरिकेतील सिरिल बॉवर्स यांनी विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात अशी काही कृत्रिम द्रव्ये बनविली, की ज्यांमुळे पीयूषिका ग्रंथी वाढीचे संप्रेरक सोडू लागे. ही द्रव्ये पेशीवरील ज्या ग्राहकास जाऊन चिकटतात, तो ग्राहक १९९६ साली ओळखला गेला. म्हणजे कुलूप हाती आले. परंतु निसर्ग कृत्रिम किल्लीसाठी कुलूप बनवून ठेवील हे संभवत नाही. शरीराची स्वतःची किल्ली कोठे तरी असलीच पाहिजे. अनेक प्रयोगशाळा ती मेंदूत शोधत होत्या, कारण कुलूप मेंदूत होते.

जपानमध्ये ओसाका परिसरातील राष्ट्रीय हृदयविकार संशोधन संस्थेत मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा या दोघांनी उंदराच्या निरनिराळ्या अवयवांचे अर्क काढून त्या कुलपावर लावून पाहिले. सर्वांत जोरदार उत्तर आले ते मेंदूच्या अर्कास नव्हे, तर जठराच्या अर्कास! १९९९ सालच्या डिसेंबरात हा शोध प्रसिद्ध झाला. या द्रव्यास त्यांनी 'घ्रेलिन' असे नाव दिले. नागरी लिपीत हा शब्द वाचणाऱ्यास 'घ्राण' आठवण्याचा संभव आहे. पण वासाशी त्याचा संबंध नाही. 'वाढणे' या अर्थाच्या एका प्राचीन इंडो-युरोपीय धातूवरून तो घेतलेला आहे.

घ्रेलिनची घडण पाहण्यासारखी आहे. ती २८ ॲमिनो आम्लांची एक छोटी माळ. जपानी संशोधकांनी ही माळ हुबेहूब बनविली, तेव्हा ती निर्जीव निघाली, कुलूप उघडेना. मूळ द्रव्य तोलून पाहता ते कृत्रिम माळेपेक्षा १२६ एककांनी जड भरले. हे अधिक वजन कशाचे? माळेतील तिसऱ्या मण्याला आठ कार्बन अणूंचे एक मेदाम्ल जोडलेले होते. ते काढले की घ्रेलिन भुकेचे कुलूप उघडण्यास निरुपयोगी. हेच मेदाम्ल नारळाच्या तेलात असते आणि शेळीच्या दुधातही असते. त्याचे जुने नाव लॅटिनमधील शेळीच्या नावावरूनच पडलेले आहे. हा मणी जडविणारे विकर २००८ साली सापडले, आणि त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळविल्यावर पुन्हा 'गोट', म्हणजे शेळीच निघाली. शास्त्रज्ञांनाही थट्टेची हौस असते.

जठराच्या वरच्या घुमटाकार भागातील अस्तरात घ्रेलिन मुख्यतः तयार होते. थोडेसे आतड्यातही होते. ज्यांचे जठर काढून टाकलेले असते त्यांच्या रक्तातील घ्रेलिन सुमारे दोन-तृतीयांशाने घटते, यावरून मुख्य कारखाना कोठे आहे ते कळून येते. या पेशींची एक खोड अशी की त्यांतील बहुतेकींचे तोंड जठराच्या पोकळीत उघडत नाही. घास पोटात पडला, हे त्यांना स्पर्शाने कळत नाही. अन्न पुढे आतड्यात उतरून त्याचा रस शोषला जाऊ लागला, म्हणजेच त्यांना हात आवरण्याचा इशारा मिळतो. म्हणून नुसत्या पाण्याने पोट ताणले तरी घ्रेलिन उतरत नाही. अडचणीच्या दिवसांत तांब्याभर पाणी पिऊन निजणारी माणसे या देशात थोडी नाहीत. पाण्याने त्यांचे पोट घटकाभर जड होते. पण रक्तातील दूत फसत नाही, आणि मध्यरात्री तो त्यांना पुन्हा उठवतो.

हा दूत मेंदूकडे दोन वाटांनी जातो. एक वाट रक्ताची. दुसरी जठरापासून मेंदूपर्यंत गेलेल्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूची. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा एक लहानसा भाग आहे. तेथील काही पेशी घ्रेलिनमुळे जाग्या झाल्या की माणूस अन्न शोधू लागतो. २००१ साली लंडनमध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या शिरेतून घ्रेलिन सोडून नंतर त्यांना हवे तितके जेवू दिले, तेव्हा ते एरवीपेक्षा सुमारे २८ टक्के अधिक जेवले. त्याच वर्षी अमेरिकेत डेव्हिड कमिंग्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिवसभर रक्त तपासून दाखविले, की प्रत्येक जेवणाच्या आधी घ्रेलिन जवळजवळ दुप्पट होते आणि जेवणानंतर तासाभरात तळाशी जाते. संत्र्याच्या बागेत ज्या क्षणी नजरा गाठोड्यांकडे वळतात, तो क्षण या चढत्या रेषेच्या माथ्यावरचा होय.

आता प्रश्न वेळेचा. नेहमीच्या जेवणाच्या वेळेस ही रेषा चढते, याचे कारण निव्वळ रितेपणा असते, तर न जेवल्यास ती चढतच राहिली असती. पण तसे होत नाही. दिवसभर निराहार राहिलेल्या लोकांचे रक्त तपासले असता, न्याहारीच्या, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या नेहमीच्या वेळांस घ्रेलिन चढले आणि अन्नाचा कणही पोटात न जाता आपोआप उतरले, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. एकादशी करणारे वारकरी, रमजानचे रोजे धरणारे मुसलमान आणि ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत उपवास पाळणारे ख्रिस्ती, यांना हा अनुभव नवा नाही. नेहमीची वेळ टळली की भूक मरते, असे आपल्याकडे म्हणतातच. ती मरत नाही. दूत दार ठोठावतो, उत्तर मिळाले नाही तर परत जातो, आणि पुढच्या ठराविक वेळी पुन्हा येतो.

लांबच्या उपोषणात तर घ्रेलिन दिवसेंदिवस चढत जात नाही, असेच आढळले आहे. मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले, किंवा फेब्रुवारी १९४३ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण केले, त्यांमागील निर्धाराचा उगम शरीरशास्त्रात शोधावयाचा नसतो. परंतु असे उपोषण मनुष्यास शक्य का होते, याचा थोडा उलगडा येथे होतो. पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर शरीर साठवलेल्या मेदावर चालू लागते आणि भुकेची धार बोथट होते. धोका मात्र बोथट होत नाही. तो आत वाढत असतो.

घ्रेलिनला केवळ भुकेचे संप्रेरक म्हणणे कितपत बरोबर, हा प्रश्न एका प्रयोगाने उभा केला. ज्या उंदरांत घ्रेलिन मुळीच बनू शकत नाही असे उंदीर तयार केले, तेव्हा ते उपाशी मरतील, निदान खुरटे राहतील, अशी अपेक्षा होती. ते नीट जेवले आणि जवळजवळ इतरांइतकेच वाढले. मग या द्रव्याचा उपयोग तरी काय? याचे उत्तर २०१० साली अमेरिकेत गोल्डस्टीन आणि ब्राउन या नोबेल पारितोषिक विजेत्यांच्या प्रयोगशाळेतून आले. घ्रेलिन कार्यक्षम करणारे विकर नसलेल्या उंदरांचा आहार त्यांनी आठवडाभर ६० टक्क्यांनी तोडला. साध्या उंदरांचाही तसाच तोडला. दोघांच्याही अंगावरील मेद संपला. साध्या उंदरांनी रक्तातील साखर कशीबशी टिकवून धरली; दुसऱ्यांची साखर रोज खाली जात राहिली, आणि शेवटी ते मरणाच्या दारी पोहोचले. त्यांना घ्रेलिन किंवा वाढीचे संप्रेरक देताच ही घसरण थांबली.

म्हणजे सुबत्तेत हा दूत रजेवर असला तरी फारसे बिघडत नाही. दुष्काळात मात्र त्याच्यावाचून भागत नाही. मेद संपत आला की तो वाढीच्या संप्रेरकास बोलावतो, इन्शुलिनचा हात आखडतो, आणि यकृताकडून मेंदूपुरती साखर बाहेर काढवितो. संत्र्याच्या बागाइतदारास हे समजावून सांगावे लागणार नाही. आंबिया बहार धरण्यासाठी तो हिवाळ्यात बाग ताणावर सोडतो, म्हणजे पाणी तोडतो. झाडाच्या दृष्टीने ती नुसती टंचाई नसते, तो एक निरोपही असतो, आणि त्या निरोपावर झाड आपला सगळा कारभार बदलते. जनावराच्या आणि माणसाच्या शरीरात टंचाईचा असा निरोप वाहणाऱ्यांपैकी घ्रेलिन एक आहे.

याखेरीज त्याची लहानसहान कामे पुष्कळ आहेत. जठर व आतडी यांची हालचाल ते वाढविते, म्हणजे कॅनन यांच्या कावळ्यांशीही त्याचे नाते निघाले. रक्तदाब ते किंचित उतरविते. मेंदूच्या ज्या भागांत आनंदाची आणि आठवणीची केंद्रे आहेत तेथेही ते पोहोचते. भुकेल्या माणसास रस्त्याकडेच्या कढईतील भज्यांचा वास दुरून येतो, तो नुसता नाकाचा गुण नव्हे. आणि मनाचाही त्यावर उलट परिणाम होतो. २०११ साली अमेरिकेत एक गमतीचा प्रयोग झाला. एकच दुधाचे पेय एकदा 'भरपूर पौष्टिक व चैनीचे' म्हणून दिले, दुसऱ्यांदा 'हलके व पथ्याचे' म्हणून दिले. चैनीचे म्हणून प्यालेल्या वेळी लोकांचे घ्रेलिन कितीतरी अधिक उतरले. घासाबरोबर आपण त्याविषयीची समजूतही गिळतो, असा याचा अर्थ.

वजन कमी करू पाहणाऱ्यांची तक्रार अशी असते, की प्रथम उतरलेले वजन हळूहळू परत चढते. त्यांना आळशी आणि जिभेचे गुलाम म्हणणारे पुष्कळ भेटतात. कमिंग्स यांच्या २००२ सालच्या अभ्यासात आहार कमी करून वजन १७ टक्क्यांनी उतरविलेल्या लोकांचे दिवसभराचे घ्रेलिन २४ टक्क्यांनी वाढलेले आढळले. शरीराने आहारनियमनास दुष्काळच समजून दूताची फेरी वाढविली होती. निश्चयाचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. पण निंदकांनी थोडे थांबावयास हवे. झोपेचेही तसेच. २००४ साली शिकागो येथे बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा घ्रेलिन २८ टक्के वाढले आणि तृप्ती कळविणारे लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्के घटले. पुढच्या सर्व प्रयोगांत आकडे इतके ठळक आले नाहीत. तरीही सौंसर तालुक्यातील बोरगावच्या कारखान्यांसारख्या ठिकाणी रात्रपाळी करून सकाळी घरी परतणाऱ्या कामगारास अवेळी गोडाधोडाची इच्छा का होते, याचा काही अंदाज त्यावरून बांधता येतो.

परंतु या विषयाची सर्वांत महत्त्वाची बाजू शाळेच्या बाकावर बसलेली असते. कापसाच्या वेचणीच्या किंवा संत्रातोडीच्या दिवसांत आईबाप उजाडण्यापूर्वी शेतावर जातात. मागे राहिलेले मूल कपभर गोड चहा आणि एखादे टोस्ट खाऊन शाळेत येते. अशा न्याहारीचे रक्तात काय होते? निरनिराळ्या अन्नघटकांची तुलना करणाऱ्या २००८ सालच्या प्रयोगात असे दिसले, की साखर-पिठासारख्या कर्बोदकांनी घ्रेलिन झपाट्याने उतरते, परंतु काही तासांतच ते मूळ पातळीच्याही वर चढते. प्रथिनांनी मात्र ते बराच वेळ खाली राहते. हा प्रयोग प्रौढ माणसांवरचा होता. पण चहाटोस्टावर आलेले मूल पहिल्या तासाला टवटवीत आणि तिसऱ्या तासाला फळ्याकडे न पाहता खिडकीबाहेर पाहणारे असते, हे कोणत्याही वर्गात दिसते. त्या वेळी त्याच्या अधश्चेतकात एकच प्रश्न चाललेला असतो, आणि तो गणिताचा नसतो. त्याला 'लक्ष कोठे आहे?' असे विचारून छडी दाखविणे म्हणजे तार घेऊन आलेल्या शिपायास मारण्यासारखे आहे. रात्रीच्या वरणाची वाटी, मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा भाकरीबरोबर झुणका, एवढ्यानेही त्याची सकाळ लांबते. प्राथमिक शाळांतील मुलांच्या पोषणाची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. शिजविलेले अन्नच द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये दिला. त्या खिचडीची आणि वरणभाताची वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलली की काय होते, हे स्वयंपाकघराकडे वळणाऱ्या माना पाहून कोणालाही कळेल.

याहूनही चिंतेचे मूल म्हणजे जे जेवण मागतच नाही ते. अतिकुपोषित बालकांच्या रक्तात घ्रेलिन सामान्य मुलांपेक्षा अधिक असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. दूत आरडाओरडा करीत असतो, तरी मूल अन्नाकडे पाठ फिरविते. जंतुसंसर्ग, ताप, यकृताची दुर्बलता यांमुळे मेंदूचे दार आतून बंद झालेले असते. 'आमचे लेकरू शहाणे आहे, रडत नाही, मागत नाही,' असे आई कौतुकाने सांगते, तेव्हा ऐकणाऱ्या परिचारिकेने सावध व्हावे. म्हणूनच अशा बालकांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या उपचारपद्धतीत वजन, दंडाचा घेर आणि पायांवरील सूज यांच्याबरोबर भुकेची परीक्षाही घेतात. शांत जागी आईच्या मांडीवर बसवून, मुलास उपचारासाठी बनविलेले दाट पौष्टिक अन्न चमच्याने देऊ करतात. बळजबरी करीत नाहीत. पाणी हवे तितके देतात. ठरलेला अंश मुलाने आपण होऊन खाल्ला आणि दुसरा आजार नसला, तर घरी ठेवून उपचार करता येतात. न खाल्ल्यास ते औषधोपचाराच्या ठिकाणी भरती करावे लागते. मध्य प्रदेशात या कामासाठी पोषण पुनर्वसन केंद्रे आहेत. तेथे प्रथम थोडेथोडे पातळ दुधाचे अन्न दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा उठवून देतात, आणि संसर्गावर औषध चालू ठेवतात. काही दिवसांनी एखाद्या सकाळी ते मूल वाटीकडे हात पुढे करते. त्या दिवशी केंद्रातील नोंदवहीत 'भूक परत आली' असे लिहिले जाते, आणि त्याचा आहार वाढविण्यास सुरुवात होते.